रेट हलणार

नाशिकला एम. जी. रोडवर भाऊंच्या दुकानात हार्डडिस्क घ्यायला गेलं की आधी चहा मिळतो, मग अंदाज. "आत्ता घेऊ नका, रेट हलणार." वर हलणार की खाली, ते मात्र सांगत नाहीत.

जिल्हाच तसा आहे म्हणा. लासलगावात कांद्याचं जे चालतं, तेच भाऊ 4 टीबीचं करतात: आवक किती, कुणी माल दाबून ठेवलाय. सकाळी मुंबईला, लॅमिंग्टन रोडला फोन. पलीकडचा नुसता खोकला तरी भाऊंना त्यात तेजी ऐकू येते.

गल्ल्याजवळ दाते पंचांग असतं. मला वाटायचं, माणूस धार्मिक आहे. छे! ते लग्नाचे मुहूर्त मोजतात. मुहूर्त जास्त, तर फोटोग्राफरांच्या खेपा जास्त. अल्बम न्यायला न येणाऱ्या जोडप्यांवर त्यांचा विशेष लोभ, कारण त्यांच्यापायी बिचाऱ्या फोटोग्राफरला काही पुसता येत नाही. 2027 च्या सिंहस्थात साधू किती येतील याच्याशी भाऊंना कर्तव्य नाही. कॅमेरे किती लागतील ते बोला. सीसीटीव्हीची डिस्क वेगळी असते, रात्रंदिवस लिहीत राहणारी, आणि ती "आपल्याकडेच मिळते".

या साऱ्या कीर्तीचा पाया 2011 चा. त्या ऑक्टोबरात थायलंडला महापूर आला, वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्यात गेला आणि डिस्कचे भाव भडकले. भाऊंकडे माल होता. तो खपत नव्हता म्हणून उरला होता, एवढा तपशील आता कथेत राहिलेला नाही. तेव्हापासून पावसाळ्यात सगळं नाशिक दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघतं, भाऊ बँकॉकचं हवामान बघतात.

2021 चा विषय काढायचा नाही. 'चिया' नावाच्या आभासी नाण्यापायी लोक डिस्कवर तुटून पडले, तेव्हा भाऊंनी "मंदी येतेय" म्हणून नुकताच स्टॉक काढून टाकला होता. आता एआयचं ऐकल्यापासून ते पुन्हा माल धरून बसलेत.

फसलेल्या अंदाजांची सोय वहिनी लावतात. त्यांच्या हळदीकुंकवाला दरवर्षी वाण एकच, 8 जीबीचा पेनड्राइव्ह. कोऱ्या सीडींची खोकी तेवढी माळ्यावर पडून होती. परवा निफाडचा एक बागायतदार द्राक्षबागेत पाखरं हुसकायला टांगायच्या म्हणून त्यातल्या बऱ्याच घेऊन गेला. संध्याकाळी भाऊंचा फोन.

"सांगत होतो ना? सीडीला उठाव आलाय. घेऊन ठेवा."