तिवरांनो, आपले डास आवरा!

ठाणे खाडीकाठच्या समस्त तिवरांस,

स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आपल्याविरुद्ध एकमताने ठराव मंजूर झाला आहे. (पार्किंगवर आमचे आजवर एकमत झालेले नाही. यावरून प्रकरणाचे गांभीर्य ओळखावे.) पावसाळ्यात डास वाढतात आणि खिडकीतून आपण दिसता, याहून अधिक पुरावा सभेने मागितला नाही.

कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी तेवढा खोडा घातला. म्हणाल्या, अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस साचलेले पाणी लागते. जिथे दिवसातून दोनदा भरती येऊन जाते तिथे अळ्या फारशा टिकत नाहीत, उरलेल्यांवर मासे ताव मारतात. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी चोखंदळ. त्याला गच्चीवरची टाकी नाहीतर बांधकामावरचे स्वच्छ पाणी हवे. डेंग्यूच्या एडिसला कुंडीखालची बशीही पुरते. त्याची अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, म्हणून पहिल्या पावसानंतर तो एकदम उगवल्यासारखा वाटतो. पाऊस सरला की तुंबलेल्या गटारात क्युलेक्सचा हंगाम. म्हणजे बाराही महिने दोष आमचाच! अशा शास्त्राने सोसायट्या चालत नाहीत.

आपणही अगदी सोवळे नाही. खोडांच्या ढोलीत आणि भरती पोचत नाही त्या डबक्यांत डास होतात, हे बाईंनीही मान्य केले. आता त्यातली बरीच डबकी आमच्याच इमारतीचा राडारोडा टाकून भरतीची वाट बुजल्यामुळे झाली, हा तपशील इतिवृत्तात घेतलेला नाही.

कोर्टाचा मार्ग बंद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ सालीच आपल्या तोडीला मनाई केली, २०२२ मध्ये खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेली. म्हणून हे पत्र. तूर्त आम्ही धूरफवारणीवर भागवतो. तिने उडते डास तेवढे मरतात, अळ्या पाण्यात सुखरूप राहतात. पण ग्रुपवर फोटो छान येतो.

तरी येत्या जूनपूर्वी आपण इथून हलावे. मात्र पूर आल्यास आडवे उभे राहायला परत यावे, ही विनंती.

आपला,
मानद सचिव

ता. क. गच्चीवरच्या टाकीचे झाकण मागच्या वादळात उडाले, ते अजून सापडलेले नाही. आपल्यात अडकले असल्यास परत करावे.