फाळक्यांच्या पिच्चरचा वांदा

ऐकलंत का? नाही, कांद्याचं नाही हो. कांद्याचं रडगाणं बारमाही आहे. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या देवळ्यात हल्ली ‘काय चाललंय?’ असं विचारलं, तर समोरचा विचारतो, ‘कशाचं? बाजाराचं की आमिरचं?’ शिव शिव! ज्या गावाने निर्यातशुल्क, अवकाळी आणि चाळीत सडलेला उन्हाळ कांदा यांवर तासन् तास तोंड चालवावं, ते गाव पाचकंदील चौकापाशी घोळका करून एकाच प्रश्नावर भांडतंय: राजकुमार हिरानीच्या पुढच्या सिनेमात दादासाहेब फाळक्यांची मिशी आमिर खान स्वतः वाढवणार की चिकटवणार?

ज्यांना या साथीची लागण झालेली नाही, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. मे 2025 मध्ये जाहीर झालं की हिरानी आणि आमिर मिळून फाळक्यांवर सिनेमा काढणार. पटकथेवर म्हणे चार वर्षं काम चाललं होतं, आणि ऑक्टोबरात चित्रीकरण सुरू होणार होतं. हिरानी म्हणजे ‘मुन्नाभाई’, ‘थ्री इडियट्स’ आणि ‘पीके’वाला. माणूस मूळचा नागपूरचा. 2003 ते 2023 या वीस वर्षांत त्याने मोजून सहा सिनेमे काढले. म्हणजे आमच्याकडे शेततळं मंजूर होऊन खोदलं जायला वेळ लागतो, तसा निवांत कारभार. अशा माणसाने त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांचं नाव घेतलं आणि अख्ख्या कसमादेच्या, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याच्या, अंगात आलं.

‘आपला जिल्हाना माणूस शे भो,’ एक जिभाऊ बाजार समितीच्या आवारात छाती काढून सांगत होते. ‘पिच्चर कोन्ही बी काढो, मान आपला शे.’ मान तुमचा, जिभाऊ, पण गेल्या महिन्यापर्यंत तुम्ही फाळके म्हणजे कुठल्या तरी पुरस्काराचं नाव समजत होतात, त्याचं काय?

खरा अनर्थ तर पुढेच आहे. त्याच आठवड्यात दुसरी बातमी फुटली की राजामौलींच्या फाळकेपटात ज्युनियर एनटीआर फाळके होणार. आता राजामौलींनी 2023 च्या गणेश चतुर्थीलाच ‘मेड इन इंडिया’ नावाचा सिनेमा जाहीर करून ठेवला होता. तो सादर करणार ते, दिग्दर्शन करणार नितीन कक्कर. म्हणजे एक फाळके, दोन वऱ्हाडं! गावात तत्काळ दोन पार्ट्या पडल्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ज्या घरांत एकमत होतं, त्या घरांत बाप हिरानीकडे आणि पोरगा राजामौलींकडे, अशी फूट पडली.

पोरांचं म्हणणं असं की राजामौलीच पाहिजे, कारण भव्यता. ‘बाहुबली’त नायकाने शिवलिंग खांद्यावर उचललं, तसं फाळके लंडनहून आणलेला कॅमेरा खांद्यावर घेऊन गोदावरीच्या पुरातून चालत येतील, मागे ढोल, वर विजा. एकाने तर मोबाइलवर पोस्टरच दाखवलं. कुठल्याशा एआयने बनवलेलं. फाळके काळ्या कोटात कॅमेऱ्याचा दांडा फिरवतायत, मागे सह्याद्री पेटलाय, आणि दांडा धरलेल्या हाताला बोटं सहा. लिलाव या ट्रॉलीवरून त्या ट्रॉलीवर सरकत होता, व्यापारी बोली चढवत होते आणि ट्रॉलीवर उभा असलेला कांद्याचा मालक खाली वाकून ती बोटं मोजत होता. त्याच्या मालाला काय भाव फुटला ते त्याला शेजारच्याने सांगितलं. आता बोला!

जुनी मंडळी हिरानीच्या बाजूची. त्यांचं म्हणणं, गोष्ट हसत हसत सांगून डोळ्यांत पाणी आणणारा माणूस पाहिजे, कारण फाळक्यांचं आयुष्यच तसं होतं. बायकोचे दागिने गहाण, विम्याची पॉलिसी गहाण, डोळ्यांचं दुखणं, आणि एवढं करून ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती व्हायला बाई मिळेना. शेवटी खाणावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! आजच्या नायिकांचं मानधन, व्हॅनिटी व्हॅन आणि सोबतचा लवाजमा पाहिला की निर्मात्यांना साळुंक्यांची आठवण येत असेल.

यावर तिसरी पार्टी उसळून उठली. ही नागराज मंजुळेंची. 2016 साली ‘सैराट’ पाहून ज्यांनी बुलेट घेतली, त्यांची ही पार्टी, आणि बुलेटचे हप्ते आता कुठे फिटलेत. त्यांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, तो मान्य करायलाच हवा. हिरानीने काढला तर नायक फाळके, राजामौलींनी काढला तर नायक कॅमेरा. पण नागराजने काढला तर नायक साळुंके! ताटं वाढणारा पोरगा राणी होतो, लुगडं नेसून कॅमेऱ्यासमोर उभा राहतो आणि संध्याकाळी घरी जाऊन काय सांगतो? घ्या. एवढी जबर कल्पना देवळ्याच्या टपरीवर फुकटात सांडली आणि वर चहाचे पैसेही सांगणाऱ्यालाच द्यावे लागले.

बायकांच्या गोटात वेगळाच स्फोट झालाय. फाळक्यांच्या बायकोचं, सरस्वतीबाईंचं काम कोण करणार? फाळक्यांच्या नातवांनी विद्या बालनचं नाव सुचवल्याच्या बातम्या आल्या, त्यावर बचत गटाच्या बैठकीत ठराव होता होता राहिला. पण एका ताईने जे काढलं, त्याने हिशेबाची वही मिटायची वेळ आली. ‘फाळक्यांनी पिच्चर काढला म्हणता, मग बाईने काय केलं? साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक तिने केला. उन्हात पांढरी चादर धरून उभी राहिली, उजेड पाडायला. रात्री फिल्मला भोकं पाडायची, औषधात धुवायची, तेही तिनेच. दागिने तर तिचेच गेले. मग हा पिच्चर कोणाचा?’ दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग एकीने शांतपणे सांगितलं की तसा सिनेमा काढला तर नवऱ्यांना तिकीट काढून नेऊ. हिरानी, राजामौली, दोघांनीही नोंद घ्यावी. कसमादेत एवढं मोठं आगाऊ बुकिंग फार कमी जणांना मिळतं.

आणि चित्रीकरणाची जागा? बाप रे, तो तर हातघाईचा विषय. त्र्यंबकला होईल म्हणावं, तर 1870 चं त्र्यंबक दाखवायला आजच्या त्र्यंबकला पार्किंग आणि लॉज यांच्यामधून कॅमेरा घुसवणार कुठून? शिवाय सिंहस्थ तोंडावर आलेला. ‘बरंच आहे,’ एक नाना म्हणाले, ‘गर्दीचा खर्च वाचेल.’ म्हणून मग जुने वाडे शोधले जातील, अशी अफवा निघाली. विंचूर-प्रकाशा रस्त्याने एखादी पांढरी गाडी हळू गेली की ती लोकेशन बघणाऱ्यांचीच, हे ठरलेलं. ती डाळिंबाच्या बागा विकत घेणाऱ्या दलालाची निघते, तो भाग वेगळा. एका वाडेवाल्याने तर पडकी भिंत बांधायची थांबवली. का? ‘जुनाट दिसायला पाहिजे.’ भिंत त्या अपेक्षेला पुरेपूर जागली आणि पावसाळ्यात आणखी जुनाट झाली.

दाढी-कटिंगच्या दुकानात पोरं ‘फाळके ठेवा’ म्हणतात. म्हणजे नेमकं काय, ते त्या पोरांना सांगता येत नाही, कारागीरही विचारत नाही. ओठावर झुपकेदार जे काही येईल ते फाळके.

आता एवढा गदारोळ झाल्यावर पिच्चर कुठवर आला? इथे कपाळाला हात लावा. ऑक्टोबर 2025 उजाडला, दिवाळी झाली, लाल कांदा बाजारात आला. फाळके काही आले नाहीत. पटकथेवर पुन्हा काम चालू झाल्याच्या बातम्या आल्या. मग ‘थ्री इडियट्स’चा दुसरा भाग आधी येणार, अशी हूल उठली. देवळ्याला ही भानगड लगेच कळली, कारण आमच्याकडे ती रोज घडते. लिलावात दणक्यात बोली लागते, शेतकरी खूश होऊन ट्रॅक्टर खळ्यावर नेतो, माल खाली होताना व्यापारी नाक मुरडतो: वरचा माल चांगला, तळाचा बारीक. पडला वांदा! फाळक्यांच्या पिच्चरचं तेच झालं. बोली झकास लागली, खळ्यावर वांदा पडला.

आणि हा काही पहिला नाही. 2020 च्या शिवजयंतीला रितेश देशमुख, नागराज मंजुळे आणि अजय-अतुल यांनी शिवाजी महाराजांवर एक नव्हे, तीन सिनेमांची घोषणा केली होती. पुढे रितेशने ‘राजा शिवाजी’ स्वतःच दिग्दर्शित करायला घेतला. 2022 मध्ये अक्षय कुमारला महाराज करून महेश मांजरेकरांनी ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ची घोषणा वाजतगाजत केली. ते सातही वीर अजून दौडतच आहेत, पोहोचायचं नाव नाही.

गंमत पाहा. फाळके पहिला सिनेमा काढत होते, तेव्हा त्यांना घोषणा करायची सोयच नव्हती. सिनेमात काम म्हणजे अब्रूचं दिवाळं, म्हणून नटांनी कोणी विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत’ असं सांगायचं, अशी त्यांची ताकीद. त्याच नावाने परेश मोकाशींनी 2009 मध्ये सिनेमाही काढला, नंदू माधव फाळके झाले आणि तो भारतातर्फे ऑस्करला गेला. म्हणजे मराठीत हा पिच्चर होऊनही गेलाय! हे ऐकल्यावर पाचकंदिलावरच्या घोळक्याने जे तोंड केलं, ते बघण्यासारखं होतं. निम्म्यांनी तो पाहिला नव्हता आणि उरलेल्या निम्म्यांनी तो टीव्हीवर जाहिरातींच्या मधोमध पाहिला होता. न निघालेल्या दोन सिनेमांवर वर्षभर जीव टाकणाऱ्या गावाने निघालेल्या एकाला दोन तास दिले नव्हते.

बरं, पिच्चरचा नाद म्हणावा तर शेजारच्या मालेगावाकडून तरी काही शिकायचं. तिथल्या नासिर शेखने कोणाच्या घोषणेची वाट पाहिली नाही. पावरलूमच्या गावात व्हिडिओ कॅमेरा उचलला, दोस्त गोळा केले आणि ‘मालेगाव के शोले’ काढून मोकळा झाला. अखेर 2025 मध्ये रीमा कागतीने त्याच्यावरच ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ काढला. अंदाज बांधणाऱ्यावर कोणी सिनेमा काढल्याचं अजून ऐकिवात नाही.

तरीही देवळ्याच्या या नादाला मी फार नावं ठेवणार नाही. अहो, या गावाचं आयुष्य अंदाजांवर चालतं. चाळ आज फोडावी की पंधरा दिवस थांबावं, दिल्लीचा पुढचा आदेश काय येईल, हे अंदाज बांधायचे आणि चुकले की सोसायटीचं कर्ज डोक्यावर. ऑगस्ट 2023 मध्ये चाळीस टक्के शुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी; त्या वर्षी ज्यांचा अंदाज हुकला, त्यांना विचारा. आमिरच्या मिशीचा अंदाज हुकला तर काय जातं? एक कटिंग चहा. आमच्याकडे एवढ्या स्वस्तात चुकायला दुसरं मिळतंच काय?

फक्त एक मागणी, आणि तिला तिन्ही पार्ट्यांचा पाठिंबा आहे. बाजार समितीचा नियम मुंबईलाही लावा. बोली लावली की माल उचलायचा आणि चोवीस तासांत पैसे मोजायचे. ज्याने फाळक्यांच्या नावाने घोषणा केली, त्याने कॅमेरा तरी फिरवावा, नाहीतर अनामत जप्त. आणि जप्त झालेली रक्कम त्या ताईच्या बचत गटाकडे वळती करावी. सरस्वतीबाईंचा पिच्चर त्यांच्या हिशेबात अगदी बसतो, आणि त्या मिशीवरून खोळंबणाऱ्यातल्या नाहीत.