अप्पांची पाच मिनिटं

स्टुटगार्ट, रविवार

ती. आईस,


काल तुझे फोनवर फोन आले तेव्हा मी कुकर लावत होते. घाबरू नकोस, घड्याळ पोचलं. ते मोज्यात गुंडाळून चकलीच्या भाजणीत पुरायची अक्कल तुझी की कुंदामावशीची, तेवढं कळव.

पार्सल कस्टममध्ये अडकलं होतं. मला बोलावून घेतलं. भाजणीचा वास घेऊन तिथल्या बाईनं मान डोलावली, अडलं ते घड्याळावर. बिल कुठंय? म्हटलं, वडिलांनी 1978 ला बोनसमध्ये घेतलेलं. मग तेव्हाचं बिल आणा! आई, इथे माणूस जातो, पावती राहते. शेवटी तिनंच नियम काढला: घरच्यांनी पाठवलेली भेट 45 युरोंच्या आत असेल तर कर नाही. घड्याळ उलटंसुलटं केलं आणि किंमत लिहिली, 20 युरो. अप्पांच्या एचएमटी जनताचे वीस युरो! भांडायला तोंड उघडलं होतं. पण कराच्या रकान्यात शून्य दिसलं आणि तुझीच लेक असल्यानं मिटलं.

बाकी बर्व्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुन्हा पार्किंग काढलं? बिल्डर येऊन उभा राहिला तरी ते पार्किंगच विचारतील. निलूचं जमलं हे ऐकून बरं वाटलं. मुलगा ठाण्याचा म्हणून काकू नाराज का? नाहूरहून ठाणं लांब, मग मी कुठे आहे?

थांब, तिसरी शिट्टी झाली.

हं. घड्याळ बंदच होतं. इथल्या म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, जपानी दिसतंय. मी ऐटीत सांगितलं, बेंगळुरूचं आहे. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनशी हात मिळवून सरकारनं सुरू केलेलं काम, 2016 ला बंद करायचं ठरवलं. सतरा माणकांचं, रोज चावी द्यायचं. त्यानं शांतपणे चिमट्यानं भाजणीचा एक कण काढून दाखवला.

रोग साधा होता. आतलं तेल सुकून त्याचा गोंद झालेला. सगळं सुटं करायचं, धुवायचं, नवं तेल द्यायचं, पुन्हा जुळवायचं. 180 युरो! अठरा हजारांच्या वर. प्रसाद म्हणाला, एवढ्यात नवी दहा येतील. मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही.

दीपूला सांग, त्यानं फोटो पाठवलेला तो गुलाबी तबकडीचा ‘अस्सल जुना’ जनता घेऊ नकोस. तबकडी नव्यानं रंगवून, चार घड्याळांचे भाग एकत्र करून अशी घड्याळं आपल्या मुंबईतच तयार होतात. दुरुस्तीवाला आपल्याही तबकडीचा डाग काढतो म्हणाला. मी नको म्हटलं. 26 जुलैच्या पुरात अप्पा कुर्ल्याहून पाण्यातून चालत आले, त्या रात्रीचा डाग आहे तो. तू दार उघडून आधी रागावली होतीस, मग टॉवेल आणलास.

परवा घड्याळ मिळालं. दुरुस्तीवाला अभिमानानं म्हणाला, आता दिवसाला दहा सेकंदांचाही फरक पडणार नाही. मी त्याच्यासमोरच काटे पाच मिनिटं पुढे केले. त्याचा चेहरा पडला. त्याला कसं सांगू, की आपल्याकडे स्टेशन नव्हतं, अप्पांना भांडुपपर्यंत चालावं लागायचं, म्हणून घड्याळ जन्मभर पुढेच? 2006 ला ते रिटायर झाले आणि त्याच वर्षी नाहूरला स्टेशन झालं. पहिल्या दिवशी नुसते बघायला गेले, तेही पाच मिनिटं आधी.

रोज सकाळी ते फ्रिजपाशी उभे राहून चावी द्यायचे, त्या करकरीनं मला जाग यायची. आता मी देते. अन्वी पांघरुणातूनच ओरडते, आई, आवाज नको!

भाजणी पाठव. या खेपेला नुसतीच.

तुझी,
मंजू