बुलपपकाका

आमच्या सोसायटीत बुलपपकाकांना खऱ्या नावाने ओळखणारं आता फक्त लाइटबिल उरलंय. हयात सहकारी बँकेत खतावण्या जुळवण्यात गेली. बंदुकीशी संबंध आला तो दारावरच्या वॉचमनच्या दुनळीशी, आणि तीही त्याने कधी हातात दिली नाही. तरी जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर काका ‘ट्रिगर जड आहे’ म्हणून मालकाशी भांडतात.

बुलपप म्हणजे मॅगझिन आणि गोळी झाडणारी यंत्रणा ट्रिगरच्या मागे, दस्त्यातच बसवलेली रायफल. नळी पूर्ण, लांबी कमी. एवढं ऐकून आपण ‘बरं’ म्हणावं, तर काका उठून बॅटी आणतात. थोरल्या नातवाची बॅट म्हणजे इन्सास, 96 सेंटिमीटर. धाकट्याची म्हणजे इस्रायलची टॅव्होर, 72. ‘नळी मात्र दोघींची सारखीच धर, सेहेचाळीसच्या आसपास!’ मग थोरली बॅट खांद्याला लावून ते दबकत स्वयंपाकघरातून मोरीकडे वळतात. वळणावर बॅट दुधाच्या पातेल्याला लागते. काकू ‘अहो!’ करून ओरडतात आणि काका विजयी मुद्रेने मागे बघतात : ‘कळलं, आपल्या मार्कोस आणि गरुड कमांडोंनी टॅव्होर का घेतली?’ खाली मॅच खोळंबलेली असते.

हे वेड ‘डाय हार्ड’पासूनचं. 1988 चा तो सिनेमा लोकांनी ब्रूस विलिससाठी पाहिला. काकांनी पाहिली खलनायकाच्या साथीदाराच्या हातातली श्टायर ऑग. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1977 मध्ये घेतलेली. प्लास्टिकचा दस्ता, वर दुर्बीण, आणि मॅगझिन आरपार दिसणारं, म्हणजे शिल्लक गोळ्या बाहेरूनच मोजा. शिल्लक दिसते म्हटल्यावर बँकेचा माणूस विरघळणारच. नातू पब्जीत तीच ऑग चालवतो. आजोबा-नातवाचं तेवढ्यापुरतं जमतं.

गोची अशी की जग बुलपपवर जेवढं भाळतं, तेवढी सैन्यं भाळत नाहीत. फ्रान्सने 2016 मध्ये आपल्या फामासच्या जागी साध्या ठेवणीची जर्मन एचके416 निवडली, तेव्हा काकांनी सुतकी चेहऱ्याने दोन वेळचा चहा नाकारला. चीनने 2019 च्या संचलनात नवी, बिनबुलपप रायफल मिरवली. त्यावर काका ‘त्यांना कसली निष्ठा!’ एवढंच म्हणाले. कारणं त्यांना पाठ आहेत. ट्रिगर पुढे, यंत्रणा मागे, मध्ये लांब दांडी. त्यामुळे दाब बोटाला नीट कळत नाही. मॅगझिन बदलायला काखेशी चाचपडावं लागतं. डावऱ्याने चालवली तर गरम टरफल गालाशी उडतं. पण हे आपण म्हणालो तर काका तुटून पडतात.

मग लष्कराच्या प्रदर्शनात खरीखुरी टॅव्होर मांडलेली निघाली. साताऱ्याकडच्या जवानाने ती मॅगझिन काढून काकांच्या हाती दिली. काकांनी डोळे मिटून वजन घेतलं आणि सवयीने डाव्या खांद्याला लावली. काका डावरे!

‘काका, टरफल गालावर येईल की,’ जवान म्हणाला.

‘बोल्ट बदलला की डावीकडून चालते,’ काका गरजले. ‘मला शिकवू नकोस.’

‘बदलून देऊ का?’

मागे रांग चुळबुळत होती. ‘राहू दे,’ म्हणत काकांनी तशीच धरून फोटो काढायला लावला. फोटोत रायफल डाव्या खांद्यालाच आहे, नेमही झकास आहे. गाल तेवढा दस्त्यापासून वीतभर लांब आहे.