निजलेल्यांची निगा : इंदिरानगर व परिसरासाठी हिवाळी मार्गदर्शन

हे मार्गदर्शन नाशकात नासर्डीपासून पाथर्डी फाट्यापर्यंत राहणाऱ्या, स्वतःचा बंगला किंवा निदान तळमजल्याचा फ्लॅट असलेल्या आणि दिवाळी आटोपल्यावर हातांना काम न उरलेल्या नागरिकांसाठी आहे. ज्यांच्या लेकीसुना विलायतेत स्थायिक झाल्या आहेत त्यांनी ते जरा लक्ष देऊन वाचावं, कारण प्रश्न उपस्थित झाला तो त्यांच्यामुळेच. तिकडच्या परसात ऑक्टोबर सरता सरता जाहक नावाचा एक काटेरी, बुटका प्राणी बिऱ्हाड शोधत फिरतो. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो. "साळिंदराचं पिल्लू का गं?" असं इकडून विचारलं जातं. "नाही गं आई, हेजहॉग," असं तिकडून उत्तर येतं, आणि मग त्याला थंडीत कसं सांभाळायचं हे इतकं सविस्तर ऐकवलं जातं, की आपल्याकडे सांभाळायला असं कोणीच नाही याची आईला रुखरुख लागून राहते. ही रुखरुख अनाठायी आहे.

आधी तिकडची पद्धत समजून घेऊ. युरोपातला जाहक नोव्हेंबरच्या सुमारास झोपतो आणि मार्च-एप्रिलला उठतो. एरवी मिनिटाला 190च्या आसपास पडणारे त्याच्या हृदयाचे ठोके झोपेत 20वर येतात. 35 अंशांचं अंग 10 अंशांवर, कधी त्याच्याही खाली उतरतं. मधूनच तो जागा होतो, पटलं तर जागा बदलतो, पुन्हा झोपतो. हा सगळा खर्च अंगावरच्या चरबीतून भागवायचा असल्यामुळे निजण्यापूर्वी त्याचं वजन 600 ग्रॅमच्या आसपास असावं असं जाणकार सांगतात. म्हणून तिकडची चांगली शिकलीसवरलेली माणसं स्वयंपाकघरातल्या काट्यावर काटेरी जनावर ठेवून वजन बघतात. त्याला या बागेतून त्या बागेत जाता यावं म्हणून कुंपणाला खालून 13 सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडतात. 5 नोव्हेंबरला तिकडे घरोघर जाळ करण्याची चाल आहे, तर काडी लावण्याआधी लाकडांचा ढीग उपसून आत कोणी झोपलेलं नाही ना हे पाहतात. या प्राण्याच्या रक्षणासाठी ब्रिटनमध्ये 1982पासून एक राष्ट्रीय संस्थाच आहे. सामाईक कुंपणाला भोक पाडूनही शेजाऱ्याशी बोलणं टिकवणं इंदिरानगरात कोणाला जमलं असेल, तर त्यांनी हे मार्गदर्शन वाचू नये, पुढचं त्यांनीच लिहावं.

आता अडचण अशी की इंदिरानगरात जाहक नाही. भारतात आहे. राजस्थान-कच्छच्या रेताड मुलखात त्याच्या दोन जाती आहेत, दक्षिणेत एक. तिकडे सहलीला जाऊन बांधणीच्या साड्यांबरोबर एखादा घेऊन यावा असं ज्यांच्या मनात आलं असेल, त्यांनी आधी वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 वाचावा. वाचून होईतो सहल संपते. पण खट्टू होण्याचं कारण नाही. थंडीला निजणारे आपल्याकडेही आहेत आणि ते तुमच्या आवारात आजच राहत आहेत, तेही डिपॉझिट न देता. पाण्याच्या टाकीमागे भेक, सेट-टॉप बॉक्सच्या मागे पाल आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर टाकलेल्या डेब्रिजमध्ये साप.

"नाशकात कसली आलीय एवढी थंडी?" असं पुण्यामुंबईचे पाहुणे विचारतील. त्यांना निफाडचा आकडा सांगावा. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रावरचा पारा राज्यात नीचांकी उतरला, की जणू तो आपणच खाली ओढला असा अभिमान इथे प्रत्येकाला असतो, मग तो आयुष्यात निफाडला गेलेला नसला तरी चालतं. तशा पहाटे द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, ठिबक सोडतात, मणी तडकू नयेत म्हणून जिवाचं रान करतात. इंदिरानगरात थंडी तेवढी पडत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली बऱ्याचदा जातो, आणि बेडकाला तेवढं पुरे होतं. जाहक उष्ण रक्ताचा. अंगातली ऊब तो स्वतः तयार करतो, झोपताना स्वतःच कमी करतो आणि उठताना वाढवतो. बेडूक, पाल, साप यांच्याकडे ही सोय नाही. बाहेर जेवढं ऊन, तेवढीच आत ऊब. गारठा पडला की त्यांचे स्नायू आखडतात, पचन मंदावतं, आणि कुठेतरी अंग चोरून पडून राहणं एवढाच मार्ग उरतो. अशा वेळी त्यांना लागतो फक्त एक कोपरा, ज्याला कोणी हात लावणार नाही. इंदिरानगरात हीच वस्तू सर्वांत महाग आहे.

भेक म्हणजे तोच तो अंगभर फोड असलेला बेडूक, जो पावसाळ्यात ओट्यावरच्या दिव्याखाली बसून रात्रभर किडे टिपतो आणि ज्याला पाहून पाहुणे किंचाळतात. दसरा उलटला की जमीन सुकते, रात्री गार होतात आणि तो कुंडीखाली, विटेखाली, भिंतीच्या फटीत शिरतो. त्याचे काही भाऊबंद तर मागच्या पायांनी माती उकरत स्वतःला जमिनीत पुरूनच घेतात आणि तिथे थेट पावसापर्यंत राहतात. कातडीतून श्वास घेता येत असल्यामुळे त्यांना हे साधतं. दुर्दैवाने त्याची निजायची वेळ आणि आपली दिवाळीच्या साफसफाईची वेळ एकच. तो कुंडीखाली अंग टाकतो न टाकतो तोच कुंडी उचलली जाते. मातीत शिरावं तर तिथे पेव्हर ब्लॉक. पाचोळ्यात शिरावं तर पाचोळा सकाळी साडेसातच्या घंटागाडीत.

तर करायचं असं. आवाराची उत्तरेकडची किंवा दिवसभर सावली असणारी एक बाजू निवडावी. तिथे आंब्याची, बदामाची वाळलेली पानं गुडघाभर उंच होतील एवढी साठू द्यावीत. साठवू नयेत, साठू द्यावीत. पानं आपोआप पडतात, त्यांना कंत्राटदार लागत नाही. कडेला चार-सहा विटा आणि एखादा फुटका माठ आडवा टाकावा. वर फोकस लाइट लावू नये. ‘बेडूक निवास’ अशी पाटी लावू नये. उद्घाटनाला नगरसेवकांना बोलावू नये. दिवाळीपासून जूनपर्यंत त्या कोपऱ्याला झाडू, फावडं किंवा नातवंडं लागू देऊ नयेत. पाचोळा पेटवून शेकत बसण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी ती मोडावी. नाहीच मोडली तर विलायतेचा कित्ता गिरवून ढीग आधी दुसरीकडे हलवावा, म्हणजे आत कोण आहे ते कळेल. जॉगिंग ट्रॅकच्या कडेला शेकोटी करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

स्वतःचा बंगला असेल तर प्रश्न इथेच संपतो. सोसायटीत मात्र ठराव लागेल. सभेत सेक्रेटरी प्रथम म्हणतील, "पाला ठेवला की साप येतात." त्यावर शांतपणे म्हणावं, "अहो काका, साप येतो उंदरामागे, आणि उंदीर येतो आपण जिन्याखाली ठेवलेल्या ओल्या कचऱ्यामागे." कचऱ्याचा विषय निघाला की दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका यांचं जुनं प्रकरण वर येईल. ते अर्धा तास चालू द्यावं. मग चेअरमन घसा खाकरून विचारतील, "पण याची प्रोव्हिजन कुठे आहे?"

याच वाक्याची वाट पाहायची होती. गच्चीवर चढून पाथर्डी फाट्याच्या बाजूला पाहिलं तर पांडवलेणीचा डोंगर दिसतो. तिथल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. भिक्खूंनी पावसाळ्यात गावोगाव हिंडायचं नाही, एका ठिकाणी मुक्काम करायचा, असा बौद्ध संघाचा नियम. तर आपण खोदवलेल्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंसाठी या गृहस्थाने 3000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले. एकीकडे 2000, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून प्रत्येक भिक्खूला वस्त्रासाठी 12 कार्षापण. वीस बारे दोनशे चाळीस, आणि दोन हजारांवर वर्षाचं व्याजही दोनशे चाळीसच. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब पैशाला पैसा जुळतो, हे सभेत जरा सावकाश आणि खजिनदारांकडे न बघता सांगावं.

म्हणजे ऋतूभर एका जागी मुक्काम ठोकून बसणाऱ्यांसाठी कायमची तरतूद करण्याची चाल इथल्या डोंगरात फार जुनी आहे. भेकाला तर वस्त्रही नको. प्रोव्हिजन शून्य रुपये, व्याज शून्य रुपये, ऑडिटरला काम नाही. "पण ते भिक्खू होते," असा मुद्दा कोणी काढलाच तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि चहा मागवावा. चहा आल्यावर इंदिरानगरातला कोणताही ठराव एकमताने मंजूर होतो.

आहाराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण आहार द्यायचाच नाही. तरी लिहावं लागतं. निजलेल्या जिवाला दूध पाजावं ही ओढ माणसात कुठून येते कळत नाही, पण ती सात समुद्र ओलांडून सारखीच आहे. इंग्रज कित्येक वर्षं जाहकापुढे दूध-पाव ठेवत आले. जाहकाला दूध पचत नाही, हगवण लागते. संस्था आता कानीकपाळी ओरडून सांगतात की बशीत पाणी ठेवा, फार तर मांजराचं खाणं ठेवा. आपण नागपंचमीला नागापुढे वाटी ठेवतो, आणि नागालाही दूध पचत नाही. हिवाळ्यात तर त्याला उंदीरही नको असतो, कारण अंगात ऊब नसली की गिळलेलं पचत नाही, पोटातच कुजू लागतं. ज्यांच्या हाताला कोणाला तरी भरवल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी हुरड्याचा बेत करून माणसं बोलवावीत.

पालीबद्दल दोन शब्द, कारण घरात तिची बाजू घेणारं कोणी नसतं. थंडीत ती तसबिरीमागून हलते आणि जिथे चोवीस तास जरा ऊब असते अशा ठिकाणी जाते, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, फ्रिजची मागची बाजू. तिथे ती दिवसेंदिवस हलत नाही. मेली असं समजून तिला झाडूने ढोसू नये. घाबरली तर ती शेपटी टाकून पळेल. शेपटी पुन्हा उगवते हे सगळ्यांना माहीत असतं, पण पालीची चरबी त्याच शेपटीत साठवलेली असते. हिवाळ्यात शेपटी गेली म्हणजे मुदत ठेव मुदतीआधी मोडली असंच समजा. मोराची पिसं, अंड्याची टरफलं, डांबराच्या गोळ्या वगैरे उपायांनी पाल जाते की नाही यावर इथल्या गृहिणींत दोन तट आहेत. मार्गदर्शक त्यात पडू इच्छित नाही.

सापाच्या बाबतीत मात्र विनोदाला जागा नाही, निदान पहिले पाच फूट तरी. थंडीत घोणस सकाळच्या उन्हाला येऊन पडते, बहुधा डेब्रिजच्या कडेला किंवा वाळक्या गवतात, आणि तिथे ती अजिबात दिसत नाही. गारठ्याने सुस्त झालेली आहे म्हणजे चावणार नाही असा हिशेब करू नये. रिकाम्या प्लॉटमधून पायवाटेने जाताना बूट घालावेत, रात्री बॅटरी घ्यावी. साप दिसलाच तर लांब राहावं, लहान मुलांना आत घ्यावं आणि वनविभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करावा. सर्पमित्र येईपर्यंत एकाने लांबून नजर ठेवावी. बाकीच्या तेराजणांनी व्हिडिओ न काढताही माणसाला उभं राहता येतं का, याचा सराव करावा. आणि पकडून नेल्यावर "डोंगरावर लांब सोडा हं" असा आग्रह धरू नये. भर थंडीत अनोळखी जागी टाकलेल्या सापाला नवं बीळ कोण दाखवणार? जवळपासच्या, पण वस्तीबाहेरच्या जागी सोडणं बरं, हे सर्पमित्राला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

काही उत्साही मंडळी याहून पुढे जातील. खोक्यात कापूस घालून त्यात बेडूक ठेवणं, वर साठचा बल्ब लावणं, हे प्रकार होतात. यातला बल्ब सर्वांत वाईट. ऊब मिळाली की अंग जागं होतं, साठवण खर्चाला लागते, आणि खायला तर किडे नसतात. निजलेल्याला उठवून उपाशी ठेवणं हे आपण फक्त परीक्षेला बसलेल्या मुलांच्या बाबतीत करतो. विणकाम करणाऱ्या आज्यांनाही नम्र विनंती, की भेकाला स्वेटर लागत नाही. त्याची कातडी ओली राहिली तरच तो जगतो.

गोगलगायीला मदत करू नये. पावसाळ्यात बागेतला पालक फस्त करणारी ती मोठी आफ्रिकन गोगलगाय कोरड्या दिवसांत शंखाचं तोंड पडद्याने बंद करून महिनोन्‌महिने आरामात पडून राहते. तिला कोणाची गरज नाही. मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्यांना विचारा, 2022च्या खरिपात तिने काय केलं ते.

मार्चमध्ये ऊन तापू लागलं की पाल स्वतःहून तसबिरीमागे परतते आणि साप रात्रीचे हिंडू लागतात. तिथे त्यांच्यापुरतं काम संपलं. भेक मात्र पहिल्या जोरदार पावसाची वाट पाहतो. त्या रात्री पार्किंगमधून गाडी काढण्याआधी चाकांखाली बघावं, कारण कोपऱ्यातले सगळे एकदमच बाहेर येतात आणि साचलेल्या पाण्याकडे निघतात. साचलेलं पाणी इंदिरानगरात शोधावं लागत नाही, बोगद्याच्या आसपास ते हटकून सापडतं. मग रात्रभर जे ओरडणं सुरू होतं त्याने वरच्या मजल्यांची झोप मोडते आणि सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर "हे कोणी पाळलेत?" असा संदेश येतो. त्याला उत्तर देणं या मार्गदर्शनाच्या कक्षेत बसत नाही. ठराव एकमताने झाला होता एवढं इतिवृत्ताचं पान फोटो काढून टाकावं, आणि खाली खजिनदारांची सही नीट दिसते आहे ना ते पाहावं.