मढं कोणी पाह्यलं?

"अवं बाई, रात्री आवाज आला का तुले काही?"

काकूंनी तुरीच्या शेंगांचं सूप वॉलकंपाउंडवर टेकवलं तेव्हाच मी ओळखलं, आता अर्धा तास गेला. आवाज आला होता. पुण्याहून आलेला काकूंचा नातू आणि त्याची मित्रमंडळी गच्चीवर मध्यरात्री 'भैरव गेला, भैरव गेला' म्हणून ओरडत होती. मला वाटलं, कोणाच्या तरी घरून फोन आला.

"मलेही तसंच वाटलं. छातीत धस्स झालं. वर जाऊन पाह्यतो तं चार पोट्टे अन् एक पोट्टी गोल करून बसलेले, मधात वीस बाजूचा फासा. म्हणे, आजी, गेममधला भैरव मेला. अन् ज्याचा तो भैरव होता, तो पोट्टा जेवला नाही ना! भरीत तसंच राह्यलं."

माझा भाचा हाच खेळ खेळतो, त्यामुळे मला थोडंफार ठाऊक. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' म्हणतात त्याला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी काढला. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे एकेक पात्र होऊन तिच्यात शिरतात, आणि वार लागला की हुकला ते फासा ठरवतो. काकूंचा नातू गोष्ट रचणारा.

"पण मले सांग, पुलावरून नदीत पडला तो. मढं कोणी पाह्यलं?"

कोणीच नाही. म्हणून तर नातू सकाळपासून घोळात पडला होता, भैरवला परत आणायचा कसा. तशी नियमातच सोय आहे. मेल्याला दहा दिवसांच्या आत मंत्रानं उठवता येतं, फक्त पाचशे मोहरांचा हिरा लागतो आणि तो त्यातच खर्ची पडतो.

"दहा दिवस?" काकूंचे हात शेंगांवरच थांबले. "म्हंजे दहाव्यापर्यंत! अन् हिरा? खामगावात चांदी म्हण, लागन तेवढी भेटते. हिरा कोठून आणतीन हे पोट्टे?"

आणखी एक अट आहे, म्हटलं. मेलेल्याच्या जीवाची परत यायची इच्छा हवी. नसेल तर हिरा असूनही उपयोग नाही.

"मंग त्याले इचारा ना! कावया शिवत नसला म्हंजे आपण नाही का पिंडासमोर हात जोडून सांगत, तुह्या लेकीचं लग्न करून देऊ, तुही बाकी फेडून टाकू म्हणून? मंग शिवते तो." पुढचं त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. "खरं सांगू? त्या पोट्ट्याले भैरव नकोच होता. काल दुपारी मलेच म्हणे, आजी, मले आता एखादा मुनीम करायचा हाय, मारामारीचा कंटाळा आला."

हे नातवाला माहीत नव्हतं. घरातली खबर घरातल्यांनाच शेवटी कळते. पण मला काकूंचा मुद्दा पटला. ज्याचं पात्र मेलं, त्याला न विचारता ते उठवणं म्हणजे जबरदस्ती. शिवाय एकदा फुकटात उठवलं की पुढच्या पुलावरून कोणीही बिनधास्त उडी मारील. त्या मंत्रानंही उठलेला माणूस लगेच धडधाकट नसतो, चार रात्रींची झोप झाली की मग कुठे पूर्ववत होतो. काकूंना हे फार आवडलं. बाळंतिणीलासुद्धा आजकाल एवढी विश्रांती देत नाहीत, म्हणाल्या.

"त्यापरीस अण्णा नाईकासारखं करा म्हणा."

'रात्रीस खेळ चाले'. २०१६ मध्ये पहिल्या भागात अण्णा सुरुवातीलाच वारले आणि सगळी मालिका त्यांच्या पश्चात चालली. २०१९ मध्ये दुसऱ्या भागात अण्णा हजर, कारण कथाच मागच्या काळात नेली! उठवाउठवी केलीच नाही. शेवंता आली ती याच भागात, आणि काकूंच्या घरी त्या वेळेला फोन उचलत नसत. २०२१ च्या तिसऱ्या भागात अण्णांना भूत करून आणलं. काकूंच्या मते तिथं चव गेली.

मी शाळेत इतिहास शिकवते, मला पानिपत आठवणारच. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले. धड सापडलं, पण शीर नव्हतं. अंगावरच्या खुणांवरून ओळख पटवली, तरी लोकांच्या मनातली शंका गेली नाही. पार्वतीबाईंनी तर कुंकू पुसलंच नाही. पुढं एक जण उगवला, मीच भाऊ म्हणून. पकडला, कैदेत टाकला, तिथून सुटला आणि १७७६ मध्ये कोकणात त्यानं असं बंड उभं केलं की पुणेकर कारभाऱ्यांची झोप उडाली. शेवटी पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी त्यावरच 'तोतयाचे बंड' नाटक लिहिलं. गंमत म्हणजे त्या खेळाच्या नियमानं भाऊसाहेब उठलेच नसते. शीर नसलेल्यावर तो मंत्र चालत नाही.

"म्हंजे माणूस नाही आला, त्याचं नाव आलं," काकू म्हणाल्या, आणि सूप तिथंच ठेवून नातवाला हाका मारत आत गेल्या.

दुसऱ्या रात्री भैरव आला. नदीकाठच्या गावात, अंगठी तीच, दाढी वाढलेली. नातवानंच त्याचं बोलणं चालवलं. ज्याचा मूळ भैरव होता तो पोरगा मुनीम होऊन शेजारीच बसला आणि त्यानंच सर्वांत जास्त उलटतपासणी घेतली. पोरगी भैरवची बहीण झालेली. तिनं त्याला घरात घेतलं, पण ताट वाढलं ते ओसरीवर. खरा की तोतया, यावर पोरं भांडून भांडून थकली. नातू काही बोलेना. काकूंनी सकाळी चहाबरोबर पोहे दिले, रव्याचा लाडू दिला, तरी तोंड उघडेना.

"तुह्याजवळ बोलला का काही?" काकूंनी मला विचारलं.

नाही, म्हटलं.

"मले इचारशीन तं तोतयाच हाय. मी जिन्यात बसून ऐकलं ना. खरा भाऊ असता तं पयले बहिणीची खुशाली पुसली असती. यानं पयले इचारलं, हिरा कोठी ठेवला."