पिवयं कार्ड

यावलकडचे आमचे नाना केनियाला निघाले. यंदा केळीला भाव बरा लागला, जावईबापूंनी मोबाइलवर सिंह दाखवला आणि पंढरपूर, चारधाम, दुबई अशा क्रमाने मसाई माराचा नंबर लागला. जळगावच्या एजंटाने कागदांची यादी वाचून दाखवली आणि शेवटी म्हणाला, "आणि नाना, पिवळं कार्ड लागेल."

"मंग? पिवयं कार्ड तर आहेच!" नानांनी पिशवीत हात घातला आणि प्लास्टिकच्या कव्हरातली शिधापत्रिका टेबलावर ठेवली.

हे नाना तुमच्याही ओळखीचे आहेत. प्रत्येक गावात एक तरी असतात, मोठ्या गावात पाच. तीन मजली घर, दारात बोलेरो, बारा एकर केळी ठिबकवर. पिवळी शिधापत्रिका असते वर्षाला १५ हजारांच्या आत कमावणाऱ्यांची. एवढ्यात माणूस सिंह पाहून कसा येतो, हा काटकसरीचा विषय आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकदा यावलला येऊन जावं.

"हे नाही नाना, पिवळ्या तापाचं. लस घेतल्याचं."

मग मी नियम वाचायला बसलो. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला. आता फक्त ऑनलाइन अर्ज करायचा, फोटो जोडायचा, ३० डॉलर भरायचे आणि परवानगीची वाट बघायची. त्याला व्हिसा म्हणायचं नाही, एवढंच. गंमत पुढे आहे. मुंबईहून थेट जाणाऱ्याकडे केनिया पिवळं कार्ड मागतच नाही. मागतो आपण, परत येताना! म्हणजे ही अट परक्या देशात शिरायची नाही, आपल्याच घरात शिरायची आहे. कार्ड नसलं तर सहा दिवस वेगळं ठेवतात.

कारण डास. एडिस, तोच आपला डेंग्यूवाला, पायांवर पांढरे पट्टे, भरदिवसा चावणारा. हा ताप तोच पसरवतो. आपल्याकडे डास मुबलक आहे, विषाणू तेवढा नाही. बाहेरून एक तापलेला प्रवासी आला आणि त्याला डास चावला की झालं. नियम शंभर टक्के बरोबर आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं भांडण डासाच्या थाटाशी आहे. धुळ्याला मावसबहिणीकडे नळाचा वार तिला मुलांच्या वाढदिवसापेक्षा पाठ असतो, तरी नळ त्या वारी येईलच असं नाही. म्हणून न्हाणीत दोन ड्रम, ओट्यावर तीन टिपं, जिन्याखाली टाकी, देवघराच्या कोपऱ्यातसुद्धा एक हंडा. 'पाणी आलं' अशी हाक आली की बायका भरल्या ताटावरून उठतात. आणि गल्लीच्या भिंतीवर रंगवलंय, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. कोरडा? अहो, आमचे सातातले सहा दिवस कोरडेच असतात! ड्रम उपसला तर ते पाणी ओतायचं कुठे आणि पुन्हा भरायचं कशाने? भाच्याला दोनदा डेंग्यू झाला. सलाईनची बाटली धरून मी रात्रभर उभा होतो, स्टँड दुसऱ्या पेशंटकडे होता म्हणून. ज्या डासापायी विमानतळावर एवढा बंदोबस्त, तो आमच्याच ड्रमात जन्मतो, वाढतो, आणि त्याच्याकडे कुणी कार्ड मागत नाही.

असो. लशीसाठी नानांना चारशे किलोमीटरवर मुंबईला जावं लागलं. कुपी फोडली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून लसीचे वार ठरलेले. नाना भलत्याच वारी पोचले. आठवड्याने पुन्हा गेले. दंडात अर्धा मिली, तोही प्रवासाच्या दहा दिवस आधी. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, हे त्या माळकरी माणसाला मी सांगितलं नाही. कार्ड २०१६ पासून जन्मभर चालतं, हे मात्र सांगितलं. नानांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्यांचं घरचं कार्डही तसंच चाललंय.

परतताना विमानतळावर त्या कार्डाची तारीख, सही, शिक्का, पासपोर्टचा नंबर सगळं तपासलं. लस घेतल्यापासूनचे दिवस तर बोटांवर मोजले. नाना अजून त्या धक्क्यातून सावरले नाहीत. "त्या पिवयाले एवढं कोनी पाह्यत नाही, भो!"

आम्ही सिंहाचे फोटो बघत होतो. चहा घेऊन आल्या त्या नानांकडे भांडी घासणाऱ्या मावशी. त्यांचं कार्ड केशरी आहे.